बुडखा नसलेलं झाड

लोकांना घर बांधायला प्लॉट शोधून देणं हा माझा धंदा. एजंटगिरी नव्हे. विकणाऱ्याकडून एक पैसा घेत नाही. फी प्लॉट घेणाऱ्याची, पायपीट माझी. आधी बरीच वर्षं साइटवर इंजिनिअर म्हणून काढली, त्यामुळे जमिनीतलं आपल्याला कळतं असा माझा समज होता. तो एका सकाळी एका आजींनी उतरवला.

त्या दिवशी यादीत दोन प्लॉट होते. सोबत नवरा-बायको आणि नवऱ्याची आई. ‘आई उगाच आलीय, घरी बसून कंटाळते,’ असं मला सांगण्यात आलं होतं. पैसे तिचेच लागणार होते, हे नंतर कळलं.

पहिला प्लॉट कोपऱ्याचा, ४० बाय ६०. दोन्ही बाजूंनी रस्ता म्हणून जोडपं खूश. मी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून हिशोब मांडला. समजा, रस्त्याच्या बाजूला १५ फूट आणि बाकीच्या बाजूंना ५ फूट सोडायचा नियम आहे. मधल्या प्लॉटला रस्ता एकच, तर बांधायला ३० बाय ४०, म्हणजे १,२०० चौरस फूट उरतात. कोपऱ्याला १५ फूट दोनदा सोडावे लागतात. उरतात २० बाय ४०, म्हणजे ८००. नियम जागोजागी वेगळे, पण बहुतेक ठिकाणी कोपऱ्याची गंमत ही अशी असते. दुकान काढायचं असेल तर कोपरा उत्तम. यांना राहायचं होतं. दहा मिनिटांत तिथून निघालो.

दुसरा प्लॉट माझा लाडका होता. आठवडाभर मीच त्याची भलावण करत होतो. चढावरची वस्ती, शेजारी शांत, आणि प्लॉट तळहातासारखा सपाट. एजंट आधीच येऊन उभा होता. मी नकाशा काढला, टेप काढली, चारही कोपऱ्यांचे हद्दीचे दगड शोधले. बाजू जुळल्या. मग कर्ण मोजले. दोन्ही इंचाला इंच सारखे. कर्ण जुळले की मला उगाचच आनंद होतो. नुसत्या बाजू जुळून भागत नाही, चौकोन तिरका असला तरी बाजू जुळतात.

मी टेप गुंडाळत असताना आजी मागच्या हद्दीजवळ एका झाडापाशी उभ्या होत्या.

“हे असं काय उभंय हो?”

“असं म्हणजे?”

“खांब रोवल्यासारखं. बुडखा कुठाय याला?”

मी जवळ गेलो, आणि पोटात गोळाच आला. झाड जमिनीशी येतं तिथे बुंधा पसरतो, मुळांचे जाडजूड पाय चारी बाजूंना फुटलेले दिसतात. इथे बुंधा वरून जेवढा जाड तेवढाच सरळ मातीत गेला होता, विजेच्या खांबासारखा. मी गुडघ्यावर बसून हाताने माती उकरली. भुसभुशीत. कोपरापर्यंत हात गेला तरी मूळ लागेना, नुसती साल. वर पाहिलं तर शेंड्याच्या फांद्या वाळलेल्या. झाडाची श्वास घेणारी बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच असतात; त्यांच्यावर माती ओतली की झाड लगेच मरत नाही, शेंड्याकडून हळूहळू वाळत येतं.

भराव होता. मग बाकीचं सगळं आपोआप दिसायला लागलं, आणि आधी का दिसलं नाही याची लाज वाटायला लागली. वरच्या शेजाऱ्याचं घर रस्त्यापासून सात पायऱ्या चढून, खालच्याचं पाच पायऱ्या उतरून, आणि या दोघांच्या मधोमध आमचा प्लॉट बरोबर रस्त्याच्या पातळीत. चढावरची जमीन अशी मध्येच कशी सपाट होईल?

रस्ता ओलांडून वरच्या बाजूला गेलो. गवत बाजूला सारलं तर नळमोरीचं, म्हणजे रस्त्याखालून पाणी पलीकडे नेणाऱ्या पाइपचं तोंड, चांगला तीन फुटी. रस्त्याखालून तो सरळ प्लॉटच्या दिशेने जात होता. प्लॉटच्या बाजूला मात्र तोंडच नाही.

“पावसात हे पाणी कुठे जातं?” मी एजंटला विचारलं.

“जातं सर आपोआप.”

“कुठे?”

त्याने झाडाकडे पाहिलं. त्यालाही ठाऊक नव्हतं, असं मला आजही वाटतं. त्याने कागद विकायला घेतले होते, जमीन नाही.

त्याच्या परवानगीने गाडीतला हातऑगर, म्हणजे हाताने फिरवून जमिनीत भोक पाडायचा गिरमिट, काढला. दोन फुटांपर्यंत चांगली लाल माती आली, वरून पसरलेली. तिसऱ्या फुटाला विटांचे तुकडे, फरशीची कपची. चौथ्या फुटाला ऑगरच्या पात्याला गुंडाळून एक काळी प्लास्टिकची पिशवी वर आली, तिचे बंद अजून गाठ मारलेले. सहा फुटांनंतर माझ्याकडे दांडा उरला नाही, भराव मात्र उरला होता. सूनबाई ती पिशवी काडीने उलटीपालटी करून पाहत राहिल्या.

मग मोबाइलवर गुगल अर्थ उघडून मागच्या वर्षांची चित्रं पाहिली. याच जागी झाडांची एक हिरवी नागमोडी रेघ, म्हणजे घळ. ताजं चित्र मी आठवडाभर पाहत होतो. मागे जायला अर्धं मिनिट लागलं असतं. उंचीच्या रेषांच्या जुन्या नकाशातही दिसलं असतं: जिथे घळ असते तिथे त्या रेषा चढाच्या बाजूला टोक करून वळतात.

मुलगा अजून मोडलेला नव्हता. “पाया खोल घेतला तर?”

घेता येतो. भराव उपसून चांगली माती थराथराने, एकेक थर वीत-दीड वीत ठेवून रोलरने दाबत भरायची, किंवा पाइल, म्हणजे काँक्रीटचे खोल खांब, टाकून मूळ जमिनीपर्यंत जायचं. पण घळीतला भराव एका कडेला दोन फूट आणि मध्ये पंधरा फूट असू शकतो. तो सारखा बसत नाही. मधला जास्त बसतो, घर मात्र एकच असतं, मग ते तडकतं. आणि पाया कितीही मजबूत केला तरी वरून येणारं पाणी काही वाट बदलत नाही. हे सांगताना मी एजंटकडे पाहायचं टाळलं.

परतताना गाडी मुद्दाम हळू घेतली. ही माझी जुनी सवय. चांगले प्लॉट जाहिरातीत कमी, दोन घरांच्या मध्ये झुडपं माजलेले जास्त. ना पाटी, ना कुंपण. असा एक खालच्या गल्लीत दिसला. शेजाऱ्यांनी त्यात कपडे वाळत घातले होते. उतार होता, अंदाजे ८० फुटांत आठ, म्हणजे दहा टक्के. मी त्यावर आनंदाने घर बांधेन. मालकाचं नाव जमिनीच्या नोंदीतून काढायचं, पत्र टाकायचं आणि थांबायचं. मी हे समजावत होतो तोवर आजी उतरून थेट तिथल्या एका झाडापाशी गेल्या, आणि एका जाड मुळावर चप्पल आपटून परत आल्या. बोलल्या काहीच नाहीत.

पत्राला उत्तर यायला तीन आठवडे लागले. बोलणी अजून चालू आहेत.

मध्ये एकदा रात्रभर पाऊस झाला, तेव्हा सकाळी त्या सपाट प्लॉटवरून मुद्दाम गेलो. विक्रीची पाटी तशीच होती. नळमोरीच्या तोंडाशी तळं साचलं होतं, आणि प्लॉटच्या मधोमध जमीन खचून एक लांबट नागमोडी खड्डा पडला होता, पाण्याने भरलेला. फोटो काढून आजींना पाठवला.

“झाड उभंय का?” त्यांनी विचारलं.

उभं होतं.