चिठ्ठीचं मत

जानेवारी २०२६मध्ये मुंबई पालिकेची निवडणूक झाल्यापासून हा प्रश्न मला जिन्यात, भाजीवाल्यापाशी, हळदीकुंकवाला, एका लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारला गेला आहे. "ताई, बावीस वर्षं पक्षाचं काम केलंत, उन्हातान्हात स्लिपा वाटल्यात, मग यंदा मतदानाच्या दिवशी पक्षाच्या टेबलावर का नव्हतात? आणि मतही पक्षाला दिलं नाहीत म्हणे?" कुणी काळजीने विचारतं, कुणी पक्षाच्या वतीने. उभ्याउभ्या सांगायला गेले की अर्धंच सांगून होतं आणि ऐकणाऱ्याला वाटतं, ताईंना तिकीट हवं होतं. तिकीट मी कधी मागितलं नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज सगळं बसून लिहिते.

पक्षाचं नाव लिहीत नाही. जे सांगणार आहे ते एकाच पक्षात घडतं असं मला वाटत नाही. ज्या रुग्णालयाबद्दल लिहिणार आहे त्याचंही नाव नको. तिथल्या माणसांनी माझ्यासाठी पुष्कळ केलं आहे.

मी भांडुपच्या टेकडीवर वाढले, लग्न होऊन खालच्या अंगाला आले. राजकारणाशी घरात कुणाचा संबंध नव्हता. २००३ साली सासऱ्यांच्या पोटात दुखायला लागलं. पालिकेच्या मोठ्या रुग्णालयात सोनोग्राफीची तारीख मिळाली दीड महिन्याने, आणि ते रात्र रात्र गुडघे पोटाशी घेऊन बसायचे. कुणीतरी म्हणालं, नगरसेवकाच्या कार्यालयात जाऊन या. गेले. तिथल्या भाऊंनी चहा पाजला, लेटरहेडवर दोन ओळी लिहिल्या, सही-शिक्का मारला. तिसऱ्या दिवशी सोनोग्राफी झाली. पित्ताशयात खडे निघाले, ऑपरेशन झालं, सासरे पुढे बारा वर्षं जगले. नातवाला शाळेत सोडायला तेच जायचे. त्या दोन ओळींचं ऋण मी मनापासून मानलं आणि भाऊंनी "ताई, महिलांच्या बैठकीला या" म्हटल्यावर गेले.

मग अशा शिफारशीच्या चिठ्ठ्या रुग्णालयात न्यायचं काम माझ्याकडेच आलं.

ज्यांच्यावर कधी पालिकेच्या रुग्णालयात जायची वेळ आली नाही, त्यांना वाटतं की रांग म्हणजे एकच, तास-दोन तासांची. तसं नसतं. पहाटे घर सोडायचं आणि केसपेपरच्या खिडकीशी उभं राहायचं. केसपेपर मिळाला की ओपीडीच्या बाहेर नंबर. आतला निवासी डॉक्टर पंचविशी-सव्विशीचा, रात्रीची ड्युटी करून तसाच बसलेला. तो तपासतो आणि रक्त, सोनोग्राफी किंवा एमआरआय लिहून देतो. रक्त सकाळीच घेतात, म्हणजे उद्या परत यायचं. रिपोर्ट दोन दिवसांनी, दुसऱ्या खिडकीवर. रिपोर्ट दाखवायचा तर आपल्या युनिटच्या, म्हणजे आपल्याला तपासणाऱ्या डॉक्टरांच्या गटाच्या, वारीच. युनिटचा वार सोमवार-गुरुवार असला आणि माणूस मंगळवारी आला, तर आल्या पावली परत. एमआरआयची तारीख महिन्यांनी मोजायची. तीही झाली आणि ऑपरेशन ठरलं की भुलेच्या डॉक्टरांकडून फिटनेस. त्या दिवशी साखर वाढलेली निघाली तर ती उतरेपर्यंत थांबायचं. मग खाट रिकामी व्हायची वाट. नाक्यावर उभं राहणाऱ्या माणसाचा यातल्या प्रत्येक फेरीला एक खाडा पडतो, आणि सोबत आलेल्या बायकोचाही. चौथ्या-पाचव्या फेरीनंतर माणसं येणंच सोडतात. दुखणं अंगावर काढतात आणि शेवटी रात्री कॅज्युअल्टीत येतात. अशी माणसं मी इतकी पाहिली आहेत की चेहरे आठवले तरी झोप लागत नाही.

चिठ्ठी यातल्या एकेका खिडकीवर चालायची. कुठली कुठे चालते ते मला कळायला लागलं. सिस्टर, ब्रदर, मावशी, वॉर्डबॉय सगळे ओळखीचे झाले. मी एक दोनशे पानी वही ठेवली होती. नाव, पत्ता, कुठलं काम, कुठल्या तारखेची कुठली तारीख झाली, सगळं त्यात. अशा चार वह्या भरल्या. संक्रांतीला त्या घरांतून तिळगुळाचे डबे यायचे. निवडणूक आली की वही भाऊंकडे जायची, आणि बूथच्या यादीत त्या घरांपुढे खूण व्हायची. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आपण त्यांचं काम केलं, त्यांनी आपल्याला मत दिलं; माझ्या लेखी राजकारण म्हणजे एवढंच होतं.

२०१६च्या पावसाळ्यात मी एका आजीबाईंना एमआरआयला घेऊन गेले होते. तारीख होती दिवाळीनंतरची, आम्हाला मिळाला त्याच आठवड्यातला बुधवार. बाहेर बसले असताना तंत्रज्ञ चहाला निघाला. ओळखीचा मुलगा. मी सहज म्हटलं, "अरे, माझे पेशंट तू नेहमी कुठे ना कुठे बसवतोस, बरं वाटतं." तो म्हणाला, "ताई, बसवायला जागा नसते. मशीन दिवसाला जेवढे करायचे तेवढेच करतं. तुमचा एक आत आला की बाहेरचा एक उद्यावर जातो, उद्याचा परवावर." तो तक्रार करत नव्हता. मला माहीतच असेल असं समजून बोलला. मला माहीत नव्हतं. तेरा वर्षं हे काम करून मला हे सुचलं नव्हतं, कारण मी नेहमी माझ्या पेशंटकडे बघत होते, बाकावरच्या बाकीच्यांकडे नाही. त्या दिवशी बघितलं. डहाणूकडून आलेलं एक जोडपं होतं, मांडीवर फाइल, पिशवीत भाकरी. त्यांना आत बोलावलं गेलं की नाही ते मला कळलं नाही. आजींचं आटोपल्यावर आम्ही निघून आलो.

तरीही मी पक्ष सोडला नाही, हे मला लिहिलंच पाहिजे. मला वाटलं, पक्षाला हे सांगितलं की पक्ष करेल.

२०१७च्या निवडणुकीआधी जाहीरनाम्यासाठी सूचना मागवल्या होत्या. मी एक कागद लिहून नेला. एमआरआय आणि सोनोग्राफी रात्रीच्या पाळीतही चालवा, त्यासाठी तंत्रज्ञांची रिकामी पदं भरा, उपनगरातल्या पालिका रुग्णालयांतच हे सुरू करा म्हणजे सगळी गर्दी तीन-चार ठिकाणी लोटणार नाही. नायर १९२१चं, केईएम १९२६चं, शीव १९४७चं. मुंबई तीस लाखांचीही नव्हती त्या काळातली ही रुग्णालयं आजही सगळ्या शहराचा आणि पालघर, रायगडपासून उत्तर प्रदेश, बिहारपर्यंतच्या पेशंटचा भार वाहतात. मला वाटलं, यात विरोध करण्यासारखं काय आहे? बैठकीतल्या एका ज्येष्ठ माणसाने कागद पूर्ण वाचला. चांगला माणूस, माझ्या वडिलांच्या वयाचा. म्हणाला, "मुद्दे बरोबर आहेत. पण ताई, रांगच संपली तर आपल्याकडे कोण येईल?"

तो खलनायक नव्हता. त्याने स्वतः शेकडो लोकांना खाटा मिळवून दिल्या होत्या, स्वतःच्या खिशातून औषधं आणली होती. त्याने फक्त आम्ही जे करत होतो ते मोठ्याने म्हटलं. कागद फाइलला लागला.

मग कोविड आला. २०२०च्या जूनमध्ये पालिकेने चोवीस वॉर्डांत वॉर रूम उघडल्या आणि खाटा तिथून द्यायला सुरुवात केली. आमच्या कार्यालयातूनही वॉर रूमलाच फोन लावावा लागायचा. सगळं सुरळीत होतं असं मी म्हणणार नाही, तिथेही ओळखी लावल्या गेल्या, आणि दुसऱ्या लाटेत आमच्याच गल्लीतली माणसं खाटेविना गेली. पण कुठे किती खाटा रिकाम्या आहेत याची एक यादी होती, आणि कुणाला आधी द्यायची ते डॉक्टर ठरवत होते. मी तेव्हा बैठकीत म्हटलं, हेच एमआरआयला का नको? एकच यादी, सगळ्या रुग्णालयांची, दुखण्याच्या गांभीर्याप्रमाणे, आणि आपला नंबर कितवा ते पेशंटला मोबाईलवर दिसावं. संकट सरल्यावर बघू, म्हणाले. संकट सरलं.

७ मार्च २०२२ला नगरसेवकांची मुदत संपली. पुढे जवळजवळ चार वर्षं निवडणूक नाही, प्रशासकाचा कारभार. लेटरहेडवर नावाआधी 'माजी' आलं आणि चिठ्ठ्या चालूच राहिल्या. ज्यांना आम्ही निवडून दिलं नव्हतं तेही चिठ्ठ्या देऊ लागले. राज्यात पक्ष फुटले, जुळले, पुन्हा फुटले. मी कुठल्या बाजूला, असं मला विचारलं जायचं. दोन्ही बाजूंनी वैद्यकीय मदत कक्ष उघडले होते.

२०२३च्या ऑक्टोबरमध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ पेशंट दगावल्याची बातमी आली. त्यात बारा नवजात बाळं होती. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एका खासदाराने तिथल्या अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावलं. तो व्हिडिओ मला पाच ग्रुपवर आला, खाली शाबासकीचे हात. अधिष्ठात्याच्या हातात झाडू दिल्याने परिचारिका वाढत नाहीत, औषधांची खरेदी वेळेवर होत नाही. पदं भरायची सरकारने, पैसा द्यायचा सरकारने, आणि सरकारवर लक्ष ठेवायला आम्ही ज्यांना पाठवलं ते संडासाच्या दारात कॅमेऱ्यासमोर उभे. त्या रात्री मी ग्रुपमधून बाहेर पडले. पक्षातून मात्र नाही. इतक्या वर्षांची माणसं एका रात्रीत सुटत नाहीत.

सुटली ती यंदाच्या प्रचारात. पत्रकं छापून आली, गठ्ठे सोडले, तर आतल्या पानावर 'रुग्णसेवा' आणि फोटो. त्यातला एक फोटो माझ्या वहीतल्या बाईचा होता. रुग्णालयाचा गाऊन, हाताला सलाईन, केस विस्कटलेले, आणि खाटेशेजारी हात जोडून उमेदवार. गर्भाशयाचं ऑपरेशन होतं तिचं. तिने घराबाहेर कुणाला सांगितलं नव्हतं. दोन दिवसांनी ती पत्रक घेऊन माझ्या दारात आली. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "ताई, हे वरच्या मजल्यावर पण गेलंय का?"

गेलं होतं. वाटणारी मीच होते.

१५ जानेवारीला मी मत द्यायला गेले. कुणाला दिलं ते माझ्यापाशी. ज्यांना इतकी वर्षं दिलं त्यांना दिलं नाही, एवढं खरं. मशीनसमोर हात थरथरला, कारण सासऱ्यांची आठवण आली. चिठ्ठीने माणूस वाचला होता, ते खोटं नाही. पण तेव्हा तीन दिवसांत आत गेलेल्या सासऱ्यांसाठी कोण मागे सरकलं होतं, हे मी बावीस वर्षांत एकदाही कुणाला विचारलं नाही, आणि माझ्या पक्षाने मला ते विचारायची गरज पडू दिली नाही. पैसा नाही असंही नव्हतं. २०२५-२६चा पालिकेचा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींच्या वर होता. रात्रीच्या पाळीला माणसं नेमणं या शहराला जड नाही.

आता पुढचा प्रश्न, तोही विचारता म्हणून सांगते: मग तुम्ही फोन करणं थांबवलंत का? नाही. मागच्या महिन्यात खालच्या चाळीतली मुलगी आली, आईच्या मेंदूत गाठीचा संशय, तारीख तीन महिन्यांनंतरची. मी फोन केला. समोर माणूस असताना मला नाही म्हणवत नाही, आणि नाही म्हणावं की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण त्याच संध्याकाळी तिला बसवून एक अर्ज लिहिला. माहितीच्या अधिकाराखाली, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून: त्या विभागात तंत्रज्ञांची मंजूर पदं किती, भरलेली किती, मशीन दिवसाला किती तास चालतं, ठरलेल्या तारखा किती जणांच्या बदलल्या आणि कुणाच्या सांगण्यावरून. सही तिची आहे, अक्षर माझं. आवक क्रमांक पडला आहे. उत्तरासाठीचे तीस दिवस पूर्ण व्हायला अकरा दिवस राहिलेत.