चर्चा एकत्र, उत्तरं वेगळी: कामकाज सल्लागार समितीचा माझा अनुभव

विधानसभेतल्या एका छोट्या पक्षाच्या गटनेत्या ताईंचं कार्यालय मी सांभाळते. अधिवेशनाआधी कामकाज सल्लागार समितीची बैठक लागते. अध्यक्षांसमोर संसदीय कार्यमंत्री, विरोधी पक्षनेते, गटनेते बसतात आणि कोणता विषय कधी, किती तास, हे ठरवतात. आम्हाला आत प्रवेश नसतो. पण खरी घासाघीस आधीच्या फोनाफोनीत होते, आणि ती माझ्याकडे होती.

त्या पावसाळी अधिवेशनात अतिवृष्टीच्या मदतीवर विरोधकांचा नियम 293 खालचा, म्हणजे सभागृहात चर्चा मागणारा प्रस्ताव होता, पीक विम्यावर आमचा वेगळा. दिवस थोडे, त्यात पुरवणी मागण्यांना, म्हणजे सरकारच्या जादा खर्चाच्या मंजुरीला, वेळ राखावाच लागतो. "दोन्ही एकत्र घेऊ," असा निरोप आला. ऐकायला रास्तच. पाऊस तोच, शेतकरी तोच.

पण बोलायची वेळ संख्याबळावर वाटली जाते. 288 च्या सभागृहात आमचे सहा आमदार, म्हणजे चार तासांच्या चर्चेत जेमतेम पाच मिनिटं. विषय वेगळे राहिले तर दोनदा उभं राहता येतं, एकत्र झाले की एकदाच. त्याहून मोठा प्रश्न उत्तराचा. नुकसानीची मदत एका खात्याकडे, विमा कृषी खात्याकडे. एकाच मंत्र्यांचं उत्तर झालं की दुसरा विषय "माहिती घेऊन कळवतो" एवढ्यावर आटोपतो, आणि ज्यानं विम्याचा हप्ता भरलाय तो तसाच ताटकळतो. मला हे फार लागतं.

"ताई, एकत्र घ्यायला नकार देऊ नका," मी म्हटलं. "नाही म्हटलं तर आपला प्रस्ताव शेवटच्या दिवसावर जाईल आणि गोंधळात वाहून जाईल. उत्तर दोन्ही मंत्र्यांचं मागा, आणि आपला वक्ता पहिल्या फेरीत."

"आणि अध्यादेशाचं काय?" ताईंनी विचारलं.

अध्यादेश म्हणजे अधिवेशन नसताना राज्यपालांनी काढलेला तात्पुरता कायदा. तिथे एकत्र चर्चेची रीत जुनीच आहे. अनुच्छेद 213 प्रमाणे विधिमंडळ पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत अध्यादेश संपतो, म्हणून सरकारला विधेयकाची घाई असते. विरोधकांचा नापसंतीचा ठराव आणि ते विधेयक यांवर भाषणं एकदम होतात, मतं मात्र आधी ठरावावर, मग विधेयकावर. अडचण पुढे येते. सगळा वेळ सर्वसाधारण भाषणांत जातो आणि कलमवार दुरुस्त्या मिनिटाभरात उरकतात. कायदा तर त्या कलमांतच असतो. म्हणून दुरुस्त्यांसाठी अर्धा तास वेगळा धरा, असं टिपण मी इतर गटांच्या सहायकांनाही पाठवलं. दोघांनी लगेच होकार कळवला. छोट्या गटांनी आधी एकमेकांशी बोलून घ्यावं, हे माझं ठाम मत आहे. आत एकट्यानं मागितलेलं सहज बाजूला पडतं.

ताई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कागदावर पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: "प्रस्ताव एकत्र. उत्तर: दोन्ही मंत्री." दुरुस्त्यांना अर्धा तास नाही, वीस मिनिटं मिळाली. पहिल्या फेरीचं अध्यक्षांवर सोपवलं गेलं.

चर्चा ठरल्या दिवशी झाली, पण तहकुबीमुळे संध्याकाळी उशिरा सुरू झाली. आमच्या सदस्याला सातवा क्रमांक मिळाला. कृषिमंत्री स्वतंत्रपणे उत्तराला उभे राहिले आणि विम्याच्या थकलेल्या दाव्यांची जिल्हावार यादी त्यांनी पटलावर ठेवली. तिची प्रत मी त्याच रात्री आमच्या आमदारांना पाठवली.