हाताची सवय

दिवस 12, पहाटे

दूध पिऊन झाले, ढेकर निघाला, डोळे मिटले, माझ्या बोटाभोवतीची तिची मूठ सैल झाली. दहा मिनिटे तिला तशीच मांडीवर घेऊन बसले आणि मग श्वास रोखून अंथरुणावर टेकवू लागले. पाठ गादीला लागते न लागते तोच तिचे दोन्ही हात झटक्यात फाकले, बोटे पसरली, चेहरा आक्रसला आणि रडणे सुरू झाले. आज रात्रीतली ही चौथी वेळ आहे.

डोके किंचित जरी मागे गेले तरी नवजात बाळाला आपण पडतो आहोत असे वाटते आणि ते हात फाकून दचकते. या क्रियेचे वर्णन अर्न्स्ट मोरो या बालरोगतज्ज्ञाने 1918 मध्ये केले, म्हणून तिला त्यांचेच नाव आहे. काही महिन्यांत ती आपोआप नाहीशी होते, असे डॉक्टरांनी सांगितले. तोवर आधी पाय, मग कंबर, मग पाठ आणि सर्वांत शेवटी डोके, अशा क्रमाने टेकवायचे आणि डोक्याखालचा हात लगेच काढून घ्यायचा नाही. हे कळायला मला अकरा रात्री लागल्या. दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती झोपेची. या वयात बाळाची जवळजवळ निम्मी झोप चंचल असते आणि डोळा लागल्यावर सुरुवातीला तीच लागते. पापण्या थरथरतात, ओठांवर हसू उमटून जाते, श्वास कधी भरभर तर कधी संथ चालतो. त्या वेळी खाली ठेवले की ते उठतेच. तिचा हात हळूच उचलून सोडून पाहायचा, तो ओल्या फडक्यासारखा खाली पडला तरच झोप गाढ लागली असे समजायचे.

चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजायचे, प्रत्येक वेळी ढेकर काढायचा आणि गाढ झोपेची वाट पाहायची, असा हिशेब मांडला तर खाली ठेवायला वेळ उरतोच कुठे? जन्मानंतर घटलेले वजन मात्र काल भरून निघाले. पुन्हा 2.9 किलो.

दिवस 19

हे लिहून ठेवायलाच हवे, म्हणून लिहिते. काल रात्री तिसऱ्यांदा पाजताना मी सोफ्यावर बसले होते आणि बसल्या बसल्या मला झोप लागली. जाग आली ती तिच्या बाबाच्या हाकेने. बाळ माझ्या कुशीतून घसरून माझे अंग आणि सोफ्याची पाठ यांच्या मधल्या फटीपर्यंत गेले होते आणि त्याने तिला दोन्ही हातांनी उचलून घेतले होते. तिला काही झाले नव्हते, ती शांत झोपली होती. मी मात्र सकाळपर्यंत तिच्या छातीवर हात ठेवून बसून राहिले.

सोफा किंवा आरामखुर्ची ही बाळाला घेऊन झोपण्यासाठी सर्वांत धोक्याची जागा आहे, हे मला माहीत होते. बाळाला पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर, उशी आणि जाड पांघरुणाशिवाय झोपवायचे, हेही पाठ होते. पण सतरा-अठरा रात्रींची झोप थकली की माहीत असलेल्या गोष्टी कामाला येत नाहीत. तेव्हा जागे असलेले दुसरे माणूस लागते.

आज दुपारी आम्ही दोघांनी रात्र वाटून घेतली. पाजून झाले की बाळ त्याच्याकडे द्यायचे. ढेकर, दुपटे बदलणे, घेऊन फिरणे आणि खाली ठेवणे ही सगळी कामे त्याची. मी पाजायचे आणि निजायचे. पहाटे चारनंतर उलट. त्याने हे कागदावर लिहून कपाटाच्या दारावर चिकटवले आहे. तो 'मदत करतो' असे मी आता कुणाला सांगणार नाही. मूल दोघांचे आहे आणि रात्रही दोघांची आहे.

दिवस 44

संध्याकाळी सहा वाजले की रडणे सुरू होते आणि नऊपर्यंत चालते. पोट भरलेले, दुपटे कोरडे, ताप नाही. डॉक्टरांनी नीट तपासून सारे ठीक असल्याचे सांगितले. बहुतेक बाळांचे रडणे सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत जास्त असते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत ओसरते, एवढाच दिलासा त्यांच्याकडे होता. त्या तीन तासांत ती फक्त कुणाच्या तरी खांद्यावर, आणि तेही चालत्या माणसाच्या खांद्यावर, थोडी शांत होते. बसले की पुन्हा सुरू.

सासूबाई काल म्हणाल्या, "अगं, ठेव तिला खाली. एकदा हाताची सवय लागली की मग तुलाच जड जाईल." माझी आई फोनवर वेगळ्या शब्दांत तेच म्हणाली. शेजारच्या काकूंनीही तेच सांगितले. तीन अनुभवी बायका एकच गोष्ट सांगतात तेव्हा आपलेच चुकते आहे असे वाटू लागते. म्हणून काल मी तिला खाली ठेवले आणि खोलीच्या दाराशी उभी राहिले. वीस मिनिटे. आधी ती रडत होती, मग किंचाळू लागली, मग मधूनमधून तिचा आवाजच फुटेना. चेहरा लालबुंद, हनुवटी थरथरते आहे, पाय पोटाशी घेतले आहेत. घड्याळाकडे पाहत उभे राहायला मला त्या दिवशी सर्वांत जास्त बळ लागले, आणि ते बळ मी चुकीच्या जागी वापरले. शेवटी उचलले तेव्हा ती माझ्या मानेत तोंड खुपसून बराच वेळ हुंदके देत राहिली. सहा आठवड्यांच्या बाळाला हुंदके येतात हे मला माहीत नव्हते.

आज डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले की या वयातील बाळ उचलून घेतल्याने बिघडत नाही. हवे ते मिळवण्यासाठी मुद्दाम रडण्याइतकी समज त्याला अजून आलेलीच नसते. एक गोष्ट त्यांनी गांभीर्याने सांगितली आणि ती मला पटली. रडण्याने आपलाच तोल जाऊ लागला, तर बाळाला पाठीवर, सुरक्षित जागी ठेवून काही मिनिटे दुसऱ्या खोलीत जावे, कुणाला तरी हाक मारावी, पण बाळाला कधीही गदागदा हलवू नये. त्या वेळी खाली ठेवणे हे बाळाच्या भल्यासाठी असते. सवय मोडण्यासाठी ठेवणे आणि स्वतःला सावरण्यासाठी ठेवणे या दोन गोष्टी सारख्या नाहीत. काल मी पहिली केली.

तिच्या बाबाने रात्री एक संशोधन शोधून वाचून दाखवले. 1986 मध्ये हुंझिकर आणि बार या दोघांनी काही आयांना रडण्याची वाट न पाहता एरवीही बाळाला अधिक वेळ उचलून घ्यायला सांगितले, आणि सहाव्या आठवड्यात त्या बाळांचे रडणे इतरांपेक्षा 43 टक्क्यांनी कमी आढळले. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत इतका फरक दिसला नाही, हेही त्याने प्रामाणिकपणे वाचले. मला आकड्याची फार गरज नव्हती. सवय लागेल तर लागू दे. नऊ महिने ती माझ्या आतच होती. चालण्याची, हलण्याची, आवाजाची सवय तिला कुणी मुद्दाम लावलेली नाही, ती घेऊनच ती आली आहे.

दिवस 47

हसली. झोपेतले हसू नव्हे. माझ्या तोंडाकडे टक लावून पाहिले, क्षणभर थांबली आणि संपूर्ण चेहऱ्याने हसली. संध्याकाळी पुन्हा तीन तास रडलीच.

दिवस 98

उजव्या हाताचा अंगठा उचलत नाही. बाटलीचे झाकण फिरवताना मनगटाच्या कडेतून वीज चमकावी तशी कळ येते. डॉक्टरांनी अंगठा मुठीत घ्यायला लावून मनगट करंगळीकडे वाकवले आणि मी ओरडलेच. या दुखण्याला द क्वेर्व्हॅन या शल्यविशारदाचे नाव आहे. त्यांनी 1895 मध्ये त्याचे वर्णन केले. तान्ह्या बाळांच्या आयांना ते इतके होते की त्याला 'आईचा अंगठा' असेही म्हणतात. अंगठा ताणून, बोटे आणि अंगठा यांची काटकोनी खाच करून बाळाच्या काखेत घालायची आणि उचलायचे, हे दिवसातून चाळीस-पन्नास वेळा केले की अंगठ्याच्या स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोरीसारख्या कंडरांवरचे आवरण सुजते.

आता मनगटाला पट्टा आहे आणि उचलण्याची रीत बदलायची आहे. तळवे वर करून, एक हात ढुंगणाखाली आणि दुसरा पाठीखाली सरकवून, सूप उचलावे तसे उचलायचे. भार मनगटावर न घेता कोपराच्या वरच्या भागावर घ्यायचा. बाळंतपणाआधी एवढे शिकवले जाते, पण बाळ उचलावे कसे हे कुणी शिकवत नाही. ते आपोआप येते असे सगळ्यांना वाटते. खरे तर ही दिवसभराची अंगमेहनत आहे, ती करणाऱ्याचे अंग दुखते, आणि तिला मेहनत म्हटले जात नाही याचे मला वाईट वाटते.

संध्याकाळचे रडणे आता अर्ध्या तासावर आले आहे. रात्री सलग पाच तास झोपली.

दिवस 151

पालथी पडली आणि मान वर करून आमच्याकडे पाहिले. आजपासून पलंगावर एकटी ठेवणे बंद. वजन जन्माच्या दुप्पट.

दिवस 176

जपानमधील रिकेन या संस्थेतील संशोधकांनी 2022 मध्ये प्रसिद्ध केलेली एक रीत आम्ही आठवडाभर करून पाहिली. रडणाऱ्या बाळाला घेऊन न थांबता पाच मिनिटे एका लयीत चालायचे. झोप लागली की लगेच खाली न ठेवता पाच ते आठ मिनिटे घेऊन बसायचे आणि मगच ठेवायचे. त्यांनी बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले होते. बाळाच्या ठोक्यांत फरक पडतो तो पाठ गादीला लागताना नव्हे, तर त्याचे अंग आईच्या अंगापासून सुटू लागताना, असे त्यांना दिसले. हे वाचून बाराव्या दिवसाची रात्र आठवली. गादीला उगाच दोष देत होते. आमच्याकडे सातपैकी पाच रात्री ही रीत लागू पडली.

पण लिहायचे आहे ते दुसरेच. काल संध्याकाळी मी अंघोळीला गेले आणि सासूबाईंनी तिला घेतले. मी बाहेर आले तेव्हा त्या अंधारात खिडकीशी उभ्या होत्या. बाळ त्यांच्या खांद्यावर गाढ झोपले होते, एक गाल पदराला चिकटून चपटा झाला होता आणि तोंडातून लाळेचा धागा त्यांच्या ब्लाउजच्या बाहीवर उतरला होता. मी हात पुढे केले. त्या म्हणाल्या, "राहू दे अजून थोडा वेळ." मग बऱ्याच वेळाने, माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "आमच्या वेळी घरात एवढी माणसे आणि एवढे काम. मूल घेऊन बसलेली दिसले की कुणीतरी हाक मारायचेच. तुझ्या नवऱ्याला मी असे कधी घेतलेच नाही. सवय लागेल म्हणायचे सगळे, मीही तेच म्हणायला शिकले."

त्यांच्या त्या वाक्याचा मला चार महिने राग होता. काल तो राग गेला. सवय लागेल हे भय बाळासाठी नव्हतेच. ज्या बाईचे हात दिवसभर दुसऱ्यांच्या कामाला बांधलेले असतात, तिला मूल खाली ठेवण्यासाठी काहीतरी कारण लागते. मी दिवा लावला नाही. त्यांनी तिला तासभर घेतले.

दिवस 262

मी खोलीबाहेर पाऊल टाकले की रडते. स्वयंपाकघरातून आवाज दिला तरी पुरत नाही, मी दिसायलाच हवी. महिन्याभरापूर्वी कुणाकडेही हसत जाणारी मुलगी आता ओळखीच्या माणसालाही पाहून माझ्या गळ्याला मिठी मारते. आठव्या-नवव्या महिन्यात असे होतेच. आई नजरेआड झाली तरी ती कुठेतरी असते हे बाळाला कळू लागलेले असते, पण ती परत येईल याची खात्री अजून नसते. त्यामुळे न सांगता निसटणे आम्ही बंद केले आहे. जाताना सांगून जाते, रडली तरी सांगून जाते, आणि आल्यावर आधी तिला घेते. दिवसभर पांघरुणामागे तोंड लपवून भोऽक करण्याचा खेळ चालतो; पांघरूण खाली येण्याआधीच्या त्या एका क्षणात तिच्या चेहऱ्यावर जी काळजी दाटते, ती पाहिली की हा तिच्यासाठी नुसता खेळ नाही हे समजते.

दिवस 338

पलंगाची कड धरून उभी राहते आणि कडेकडेने चालते. घेतले की पाठ कमानीसारखी ताणते, पाय झाडते आणि खाली सरकते. आज दिवसभरात मी तिला सहा वेळा उचलले आणि सहाही वेळा तिला खालीच जायचे होते. एकदा टेबलाखाली, एकदा दाराच्या फटीतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्याकडे, एकदा कपाटावर चिकटवलेल्या त्या जुन्या कागदाकडे. त्याचा एक कोपरा तिने फाडला आणि तोंडात घातला. मी बोट घालून तो काढला. त्यावर 'पहाटे 4 नंतर' एवढेच शब्द शिल्लक होते.

वजन 8.4 किलो. मनगट दुखत नाही. पट्टा खणात ठेवून दोन महिने झाले.

रात्री तिने दूध पिऊन झाल्यावर स्वतःच अंथरुणाकडे अंग टाकले, कुशीवर वळली, दुपट्याचे टोक मुठीत धरले आणि झोपली. मी काहीच केले नाही. पाच मिनिटे चालणे नाही, आठ मिनिटे बसणे नाही, हात उचलून पाहणे नाही. तिचा बाबा दाराशी आला आणि खुणेने विचारले, झोपली? मी मान हलवली, पण बराच वेळ तिथेच उभी राहिले.

दोन वाजून दहा मिनिटांनी ती किरकिरली. आज पाळी त्याची होती आणि तो उठूनही बसला होता. मी त्याला म्हटले, "तू झोप. मी घेते."