नारळ आज की एक ऑक्टोबरला?

शनिवार, १० सप्टेंबर २०२२, रात्री साडेअकरा

शेजारच्या काकांच्या गॅरेजमधला दिवा अजून चालू आहे. मॅच कधीच संपली, तरी रेडिओ लावून बसलेत. चित्र टीव्हीवर आणि कॉमेंटरी रेडिओची, हा त्यांचा जुना शिरस्ता. (काका आम्ही आपसात म्हणतो. समोर नुसत्या नावाने हाक मारावी लागते. अमेरिकेत, नेब्रास्का राज्यातल्या लिंकनमध्ये येऊन नऊ वर्षं झाली, पण पंचाहत्तरीच्या माणसाला तसं बोलावताना माझी जीभ अजून अडखळते.) मी निघालो तेव्हा वर न बघता त्यांनी विचारलं, "एक ऑक्टोबरपर्यंत थांबतील, असं वाटतं तुला?"

आज या गावात दुसरा प्रश्नच नाही. इथल्या नेब्रास्का विद्यापीठाच्या (अमेरिकन) फुटबॉल संघाच्या कोचला, स्कॉट फ्रॉस्टला, नारळ मिळणार हे शेंबड्या पोरालाही कळतंय. घोडं अडलंय तारखेवर. गेल्या नोव्हेंबरात त्याला ठेवलं ते अटी घालून. पगार ५० लाख डॉलरवरून ४० लाखांवर आणला, आणि मुदतीआधी काढलं तर द्यायची दीड कोटीची भरपाई १ ऑक्टोबर २०२२ पासून निम्म्यावर येईल असं ठरलं. म्हणजे उद्या काढला तर दीड कोटी, वीस दिवस कळ काढली तर पंचाहत्तर लाख. दिवसाला पावणेचार लाख डॉलर पडतात. आमच्या ऑफिसात गेल्या वर्षी सात जणांना एका पंधरा मिनिटांच्या कॉलमध्ये घरी पाठवलं, तेव्हा कुणी कॅलेंडर उघडून बसलं नव्हतं. असो.

आज हरलो ते जॉर्जिया सदर्नकडून, ४५-४२. अशा लहान कॉलेजांना घसघशीत पैसे देऊन खेळायला बोलावतात. ती येतात, मार खातात आणि चेक घेऊन घरी जातात. यांनी चेकही नेला आणि मॅचही. आमच्या डिफेन्सने त्यांना ६४२ यार्ड पुढे सरकू दिलं. घरच्या मैदानावर ३५ किंवा जास्त गुण केले तर नेब्रास्का हरत नाही, हे याआधी २१४ वेळा सिद्ध झालं होतं. आज ४२ केले आणि हरलो. ३६ सेकंद उरले असताना त्यांचा क्वार्टरबॅक (चाली चालवणारा, बॉल फेकणारा मुख्य खेळाडू) स्वतःच बॉल घेऊन गोलरेषेच्या आत घुसला. काकांच्या हाताशी शेंगांचा वाडगा होता. शेवटची तीन मिनिटं एकच शेंग त्यांच्या बोटांत होती, फोडलेली नाही, टाकलेलीही नाही. आमची शेवटची लांबची किक हुकली तेव्हा त्यांनी ती उचलून परत वाडग्यात ठेवली.

आणि जॉर्जिया सदर्नचा कोच कोण? क्ले हेल्टन. त्याला यूएससीने (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने) बरोबर गेल्याच सप्टेंबरात, दोन मॅच झाल्यावर काढलं होतं. नशिबाला असले विनोद सुचतात.

फ्रॉस्ट बाहेरचा असता तर एव्हाना विषय संपला असता. जन्म लिंकनचा, वाढला वुड रिव्हरमध्ये, आई-वडील दोघेही कोच. आई तर १९६८च्या ऑलिंपिकमध्ये थाळीफेकीत उतरलेली. पोरगा आधी स्टॅनफर्डला गेला, मग परत आला, आणि १९९७च्या सीझनमध्ये याच संघाचा क्वार्टरबॅक म्हणून एकही मॅच न हरता राष्ट्रीय विजेतेपद घेऊन गेला. काकांच्या गॅरेजमध्ये जानेवारी १९९८मधलं वर्तमानपत्राचं पान फ्रेम करून लावलंय, काचेला मधोमध तडा. त्याच १९९७च्या सीझनमध्ये सेंट्रल फ्लोरिडाविरुद्ध इथल्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली होती, हे मात्र त्या पानावर नाही. ते काकांनीच एकदा दोन बिअरनंतर कबूल केलं. स्वतःही ओरडलो होतो म्हणाले.

पुढे कोच म्हणून तो त्याच सेंट्रल फ्लोरिडाला गेला. २०१५ मध्ये बाराच्या बारा मॅच हरलेला संघ त्याने दोन वर्षांत अजिंक्य केला. मग काय, गावाने वाजतगाजत घरी आणला. तेव्हा आमच्या डेंटिस्टनेही माझं तोंड उघडं ठेवून मला ही बातमी सांगितली होती.

आजपर्यंतचा हिशेब: १६ विजय, ३१ पराभव. एकही सीझन विजय जास्त असलेला नाही. गेल्या वर्षी नऊ मॅच हरला आणि नऊच्या नऊ दहापेक्षा कमी गुणांनी. मला वाटतं तोच त्याचा घात झाला. धुव्वा उडाला असता तर गेल्याच वर्षी सुटला असता. थोडक्यात हरणारा माणूस आशा लावून ठेवतो. याच विद्यापीठाने २००३ मध्ये फ्रँक सोलिचला आणि २०१४ मध्ये बो पेलिनीला नऊ-नऊ मॅच जिंकलेल्या असताना काढलं होतं! सोलिच तर घरचाच, इथेच खेळलेला. तेव्हा नऊ विजय कमी वाटायचे.

दोन आठवड्यांपूर्वी डब्लिनला नॉर्थवेस्टर्नविरुद्ध २८-१७ पुढे असताना त्याने ऑनसाइड किक मारायला लावली. पुढे असताना मुद्दाम आखूड किक मारून बॉल परत मिळवायचा जुगार! बॉल त्यांना मिळाला, मॅच ३१-२८ गेली. त्या दिवशी स्टेडियममधलं पैसे घ्यायच्या यंत्रणेचं इंटरनेट बंद पडलं म्हणून प्रेक्षकांना बिअर फुकट वाटली. इथून गेलेल्यांना तेवढंच समाधान.

माझं मत विचाराल तर उद्याच काढा. वीस दिवस त्याला मैदानाच्या कडेला उभा करून नव्वद हजारांनी तारीख मोजत बसायचं, हे पैसे वाचवणं नव्हे. शिवाय पैशाचं रडगाणं कोण गाणार? आम्ही ज्या गटात खेळतो त्या बिग टेन कॉन्फरन्सने मागच्याच महिन्यात टीव्हीवाल्यांशी सात वर्षांचा सातशे कोटी डॉलरच्या वरचा करार केलाय. बायको म्हणते, "तुला काय पडलंय, तुझे थोडेच जाणारेत?" खरं आहे. तरी झोप येत नाहीये.

रविवार, ११ सप्टेंबर, संध्याकाळ

काढला. आजच. दीड कोटी.

काढणारा विद्यापीठाचा ॲथलेटिक डायरेक्टर (क्रीडाप्रमुख) ट्रेव्ह अल्बर्ट्स, तोही इथलाच जुना खेळाडू. एका घरच्या मुलाने दुसऱ्याला निरोप द्यायचा. उरलेल्या सीझनसाठी मिकी जोसेफ कोच. तोही इथला क्वार्टरबॅक होता, आणि नेब्रास्का फुटबॉलचा पहिला कृष्णवर्णीय मुख्य कोच.

बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

दुपारी काका अंगणात गवत कापत होते. मी कुंपणाशी गेलो तर मशीन बंद केलं. फ्रॉस्टबद्दल एक अक्षर नाही. फ्रेम आहे का बघायला मी उगाच गॅरेजमध्ये डोकावलो. तशीच होती, तड्यासकट. मग म्हणाले, या शनिवारी ओक्लाहोमा आहे, बायको येत नाही म्हणते, तिचं तिकीट आहे. १९६२ पासून एकही मॅच तिकिटं उरून झालेली नाही (उरलीच तर देणगीदार विकत घेतात, पण हे त्यांच्यासमोर बोलायचं नसतं), तेव्हा त्यांची खुर्ची रिकामी राहिलेली त्यांना चालणार नाही.

"सकाळी अकराची मॅच," म्हणाले. "साडेआठला निघू. लाल काहीतरी घाल."