समुद्रकोळ्यांची वही: मोसम तिसरा

आधी नावाचा घोळ मिटवतो. मराठीत ‘समुद्रातला कोळी’ म्हटलं की समोरच्याला होडी आणि जाळं दिसतं, आठ पाय नाही. मागच्या हिवाळ्यात वांद्र्याच्या खडकांवर पालथा पडून भिंगातून बघत होतो. कालवं काढायला आलेल्या एका मावशींनी विचारलं, “काय हरवलं काय रे?” म्हटलं, “नाही मावशी, समुद्रातला कोळी शोधतोय.” त्या म्हणाल्या, “मग खाली काय बघतोस, मी इथे उभी आहे ना!” तेव्हापासून वहीत ‘समुद्रकोळी’ असा जोडशब्द लिहितो. घाईत असलो की नुसतं ‘पिक्नो’. पिक्नोगॉनिडा हे या कोळ्यासारख्या दिसणाऱ्या समुद्री प्राण्यांच्या गटाचं शास्त्रीय नाव, त्याचं हे आमचं घरगुती रूप.

तर या मोसमाचा हिशेब असा: नोव्हेंबर ते फेब्रुवारी, नऊ ओहोट्या, पाच पिक्नो. पहिल्या मोसमात शून्य होते. म्हणजे तेव्हा मी दोन मोजले होते, पण ते कॅप्रेला निघाले, ते काडीसारखे झिंग्यांचे चुलतभाऊ, हायड्रॉइडवर (म्हणजे पिसांसारख्या पुंजक्यांत वाढणाऱ्या बारीक समुद्री प्राण्यांवर) उभे राहून नमस्कार घातल्यासारखे वाकणारे. नवीन माणसाची ही ठरलेली चूक. कॅप्रेला मधेच वाकतो आणि झटका मारतो. पिक्नो कधीच झटका मारत नाही. तो इतका सावकाश चालतो की दोन मिनिटं नजर हटवली नाही तरच कळतं की जागा बदललीय. दुसऱ्या मोसमात एक खरा मिळाला, तो मी पेट्री डिशमध्ये ठेवून जेवायला गेलो आणि वाळवला. त्याबद्दल जास्त बोलत नाही.

यंदा फरक पडला तो शोधायच्या जागेमुळे. दोन वर्षं मी खडकांतली डबकी उपसत होतो. खरं तर पिक्नो जिथे राहतो तिथे त्याचं ताट असतं: हायड्रॉइड, ब्रायोझोआ (हेही वसाहत करून चिकटून राहणारे सूक्ष्म प्राणी), समुद्रफूल, स्पंज. सोंड खुपसायची आणि आतला रस ओढायचा, असा एकूण धंदा. मग खडक खरवडण्यापेक्षा (जे करू नयेच) वाहून आलेले जुने दोर आणि जाळ्यांचे तुकडे बघायला लागलो. उधाणानंतर खडकांच्या फटीत अडकलेल्या नायलॉन दोरावर हायड्रॉइडची तपकिरी पिसं दाट उगवलेली असतात. तो पुंजका समुद्राच्याच पाण्यात, पांढऱ्या ताटलीत ठेवायचा, दहा मिनिटं हलवायचा नाही, आणि मग मऊ ब्रशने हलकेच झटकायचा. पाचातले चार असे दोरावरून आले. कचऱ्याचे आभार मानायची ही माझी पहिलीच वेळ.

आता जानेवारीतली ती संध्याकाळ. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीची ओहोटी, पाणी सूर्यास्ताच्या सुमारास तळाला. दोराचा वीतभर तुकडा डब्यात घालून घरी आणला आणि रात्री साडेनऊला मायक्रोस्कोपखाली धरला. पुंजक्याच्या देठाला मिठी मारून एक बसला होता. धड जेमतेम दोन मिलिमीटर, पाय पसरल्यावर दीडेक सेंटिमीटर. धड म्हणजे काय, पाय जोडायला लागतो तेवढाच सांगाडा. पोट जवळजवळ नाहीच, शेपटीच्या जागी एक बोंड. पोटच नसल्यामुळे आतडं पायांत उतरलेलं, आणि या माझ्या प्राण्याचे पाय काचेसारखे. मांडीतून आतड्याची पिवळसर नळी सरळ दिसत होती आणि तिच्यात काहीतरी वर-खाली, वर-खाली ढकललं जात होतं. आठही पायांत, आणि एका लयीत नाही. प्रत्येक पायाचा आपला वेगळा ताल. या मंडळींना कल्ले नाहीत. प्राणवायू कातडीतूनच आत येतो, आणि तो अंगभर फिरवायचं काम हृदयापेक्षा ही आतड्याची घुसळणच जास्त करते, असं 2017 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं. वाचलं होतं तेव्हा ‘असेल’ म्हणून पान उलटलं होतं. त्या रात्री पाऊण तास तेच बघत बसलो.

मग त्याला उलटा केला. धडाखाली, पायांच्या पहिल्या जोडीच्या पुढे, दोन बारीक वाकडे हात, आणि त्यांना चिकटलेले पांढुरके गोळे: अंडी! म्हणजे हा बाप. समुद्रकोळ्यांत अंडी सांभाळायचं काम नराकडे असतं. मादी अंडी देते, नर ती या अंडवाहक हातांनी गोळा करतो आणि स्वतःच्या मांडीतल्या ग्रंथींच्या सिमेंटने चिकटवून हिंडतो. मादीच्या शरीरातही अंडी मांडीतच तयार होतात. फेब्रुवारीत एक मादी मिळाली, तिच्या मांड्यांत अंडी भिजवलेल्या साबुदाण्यासारखी ओळीने दिसत होती.

आता ओळख पटवायची भानगड, आणि या मोसमात मी खरं शिकलो ते इथे. पिक्नोचं वर्गीकरण मुख्यतः डोक्याच्या बाजूच्या तीन अवयवांच्या जोड्यांवर चालतं: चिमटे (चेलिफोर), त्यांच्यामागचे स्पर्शहस्त (पाल्प) आणि अंडवाहक हात. कुठली जोडी आहे, कुठली नाही, अंडवाहक दोन्ही लिंगांत की फक्त नरात, यावर कूळ ठरतं. निम्फॉनकडे तिन्ही जोड्या आहेत, आणि त्या माद्यांकडेही. अडीचशेहून जास्त प्रजातींचा हा पिक्नोंमधला सगळ्यात मोठा वंश (जीनस). आमच्या किनाऱ्यावर मात्र मला भेटतात ते गरीब घरचे. एन्डेइसला मोठेपणी चिमटे नाहीत, स्पर्शहस्त नाहीत, अंडवाहक फक्त नराला आणि तेही सात खंडांचे. अॅनोप्लोडॅक्टिलसला स्पर्शहस्त नाहीत, पण चिमटे आहेत, आणि नराचे अंडवाहक सहा खंडांचे.

वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात डिसेंबरातल्या दोन नमुन्यांवर मी ‘एन्डेइस’ लिहून मोकळा झालो होतो, कारण वरून बघितलं तर चिमटे नव्हते. जानेवारीचा बाप मिळाल्यावर तुलनेसाठी जुन्या बाटल्या पुन्हा काढल्या. त्या दोघांची मान पुढे झुकलेली, डोळ्यांचा उंचवटा अगदी टोकाला, आणि सोंड मानेच्या खालून निघालेली. एन्डेइसचं असं नसतं. कुशीवर वळवून, खालून दिवा लावून बघितलं, तर सोंडेला लगटून दोन सडपातळ चिमटे गप्प पडलेले. दोन्ही अॅनोप्लोडॅक्टिलस! आठ आठवडे बाटलीवर चुकीचं नाव होतं. म्हणून आता नियम: वरून, खालून, कुशीवरून असे तीन फोटो झाल्याशिवाय नाव लिहायचं नाही. नुसत्या वरच्या फोटोवरून मला कोणी ‘हा कुठला?’ विचारलं तर उत्तर देणार नाही, रागावू नका.

या चिमट्यांवरून मोठमोठी माणसंही भांडली आहेत, एवढाच मला दिलासा. कोळ्या-विंचवांच्या तोंडापुढच्या नांग्या आणि समुद्रकोळ्यांचे चिमटे एकच का? 2005 साली चेतातंतूंच्या अभ्यासावरून दावा झाला की हे चिमटे मेंदूच्या सगळ्यात पुढच्या भागाशी जोडलेले आहेत, म्हणजे आजच्या कुठल्याच संधिपाद प्राण्याकडे असा अवयव नाही. पुढच्याच वर्षी हॉक्स जनुकांच्या (शरीराचा कुठला भाग कुठे घडायचा हे ठरवणाऱ्या) पुराव्याने ते उलटलं. चिमटे मेंदूच्या दुसऱ्या भागाचे, म्हणजे कोळ्यांच्या नांग्यांचे सख्खे भाऊ. आज बहुतेक अभ्यासक पिक्नोंना कोळी, विंचू, नालखेकडा यांच्या घराण्यातली सगळ्यात आधी वेगळी झालेली फांदी मानतात. म्हणजे ‘हा खरा कोळी नव्हे’ हे खरं, पण ‘कोळ्याशी काही संबंध नाही’ हे खोटं. आणि जुनं घराणं हो! इंग्लंडच्या हेरफर्डशरमधला हॅलिएस्टीस हा जीवाश्म सुमारे साडेबेचाळीस कोटी वर्षांपूर्वीचा आहे, आणि बघितल्या बघितल्या पिक्नो म्हणून ओळखू येतो.

पाचवा नमुना मात्र अडलेला आहे. लहान आहे, चिमटे आहेत, पण बाकी ठेवण एन्डेइससारखी वाटते. एन्डेइसच्या पिल्लांना चिमटे असतात आणि वाढताना कात टाकता टाकता ते गळून जातात. म्हणजे हे पोर असण्याची शक्यता जास्त. वहीत लिहिलंय: ‘पोर. वाट बघणे.’

आता प्रजातीकडे. एन्डेइसमध्ये प्रजाती ठरवताना नराच्या मांडीवरची सिमेंट ग्रंथींची छिद्रं बघावी लागतात: किती, कुठे, कशा ओळीत. माझ्या भिंगाची ताकद तिथे संपते. ठिपके दिसतात, मोजता येत नाहीत. नावं मात्र आपल्या शेजारचीच आहेत. एन्डेइस मॉलिस हे कार्पेंटरने 1904 साली श्रीलंकेच्या मोत्यांच्या शिंपल्यांच्या पाहणीतल्या नमुन्यांवरून दिलं. एन्डेइस फ्लॅसिडा हे काल्मनने 1923 साली कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियममधल्या नमुन्यांवर लिहिलेल्या लेखातलं. हा काल्मन तसा गमतीचा माणूस असावा. सुएझ कालव्यावरच्या तिमसाह सरोवरातून आलेल्या एका पिक्नोला त्याने 1927 साली ‘पिग्रोग्रोमिटस तिमसानस’ असं नाव दिलं. पहिला शब्द शेक्सपिअरच्या विदूषकाच्या तोंडचा आहे, निव्वळ थापेबाजीतला. हा टिनपाट दिसणारा, काटेरी प्राणी पुढे जगभरच्या उष्ण समुद्रांत सापडत गेला. इतक्या मंद, पोहायला जवळजवळ नालायक प्राण्याने महासागर कसे ओलांडले? पिल्लं सहसा पाण्यावर तरंगत दूर जात नाहीत, बापाला किंवा हायड्रॉइडला चिकटून वाढतात. मग उरतात वाहती शेवाळं, लाकडं आणि जहाजांचे तळ. आणि माझे नायलॉनचे दोर. खरं सांगायचं तर ‘सगळीकडे सापडतो’ अशी ख्याती असलेली प्रत्येक प्रजाती खरोखर एकच आहे, यावर माझा फारसा विश्वास उरलेला नाही. सारख्या दिसणाऱ्या चारपाच जणांना एकच आडनाव दिलेलं असावं, असा संशय येतो.

म्हणूनच वितरणाचे नकाशे बघताना जपून. जगात तेराशेहून जास्त प्रजाती नोंदल्या आहेत, किनाऱ्याच्या डबक्यापासून सात हजार मीटर खोलीपर्यंत. नकाशावर दक्षिण महासागर ठिपक्यांनी काळा दिसतो. 2009 साली झालेल्या एका यादीत अंटार्क्टिक आणि लगतच्या पाण्यात 264 प्रजाती होत्या, जगातल्या सुमारे पाचव्या हिश्श्याइतक्या. यातलं बरंच खरं आहे. थंड, प्राणवायूने भरलेल्या त्या पाण्यात कोलोसेन्डेइससारखे पाय पसरून 70 सेंटिमीटरपर्यंत जाणारे राक्षस आहेत, दहापायी आहेत, बारापायीसुद्धा आहेत. दहापायी डेकोलोपोडा जेम्स ईट्सने 1835 साली दक्षिण शेटलंड बेटांवरून वर्णन केला, तर जवळजवळ सत्तर वर्षं त्याकडे कोणी गांभीर्याने बघितलं नाही. आठाचे दहा कसे होतील? मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मोहिमांना तो पुन्हा मिळाला. पण तिथे ठिपके दाट असण्याचं एक कारण हेही आहे की तिथे शंभर-सव्वाशे वर्षं मोहिमांवर मोहिमा गेल्या आणि प्रत्येकीने गाळ उपसला. अरबी समुद्रात ‘मबाहिस’ जहाजाची 1933-34 ची जॉन मरे मोहीम गेली. तिचे पिक्नोही काल्मननेच 1938 साली बघितले. आपल्या खडकांवर दोन मिलिमीटरच्या प्राण्यासाठी पालथं पडणारे मोजकेच. तेव्हा कोकणचा पट्टा नकाशावर कोरा दिसला तर ‘इथे नाहीत’ असं समजू नका.

जमवण्याबद्दल थोडं, कारण दोघातिघांनी विचारलंय. जिवंत पिक्नो थेट अल्कोहोलमध्ये टाकू नका, पाय झाडून टाकतो आणि मग आठ पाय एकीकडे, धड एकीकडे. आधी समुद्राच्या पाण्यासकट फ्रिजमध्ये गार करा, मग हळूहळू. आणि चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, बाटलीच्या आत टाका. डिसेंबरच्या एका बाटलीवरची बॉलपेनची चिठ्ठी अल्कोहोलने धुऊन निघाली. जागा आठवते, तारीख आठवत नाही, आणि तारखेशिवाय तो नमुना नुसता शोभेचा. बहुतेकांना तर मी फोटो काढून परत सोडतो. त्या अंडीवाल्या बापालाही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच फटीत, त्याच दोरासकट ठेवून आलो. हो, कचरा परत समुद्रात टाकला. बोला काय बोलायचं ते.

बाकी राहिलेली कामं: मांडीच्या छिद्रांसाठी चांगला मायक्रोस्कोप कोणाकडे दोन तास मिळतो का बघणे, समुद्रफुलांच्या बुंध्याशी पिक्नोगोनम शोधणे, हा आखूड पायांचा, ओबडधोबड, खडकासारखाच दिसणारा, म्हणून तीन वर्षं माझ्या नाकाखालून निसटत असणार, आणि मार्चच्या अमावास्येची ओहोटी. मावशींना सांगून ठेवलंय. त्यांनी बोयाचा एक जुना दोर बाजूला काढून ठेवलाय, “तुझ्या कोळ्यांसाठी” म्हणून.