कलस्सैला बघण्यासारखं काही नाही म्हणे

तुर्कस्तानातल्या पामुक्कलेला गर्दीने जीव नकोसा केला. पांढऱ्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नाही आणि जो तो फोटोच्या मागे. त्या दिवसाबद्दल याहून जास्त लिहावंसं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी लावदिकीया, जुन्या शहराचे अवशेष. रुंद दगडी रस्ते, खांबांच्या रांगा. इ.स. 60 च्या भूकंपात हे शहर पडलं आणि रोमची मदत न घेता स्वतःच्या पैशावर पुन्हा उभं राहिलं, असं रोमन इतिहासकार टॅसिटसने लिहून ठेवलंय. बायबलमधल्या प्रकटीकरणाच्या पुस्तकात इथल्याच मंडळीला, म्हणजे इथल्या ख्रिस्ती लोकांना वाटतं की आपल्याला कशाची गरज नाही. प्रभू मात्र तिला कंगाल म्हणतो.

मला ओढ होती कलस्सैची, जिथल्या मंडळीला प्रेषित पौलाने पत्र लिहिलं त्या गावाची. तिथे बघण्यासारखं काही नाही, असं म्हणून आमच्या गाइडने ते वगळलं. राग आला. दुपारी टॅक्सी करून एकटीच गेले. होनाझजवळ एक गवताळ टेकडी, पूर्वेच्या उतारावर नाट्यगृहाचा खळगा, पायाखाली खापऱ्या, सलवारीला चिकटलेली कुसळं. मागे उंच होनाझ डोंगर. बाकी चिटपाखरू नाही.

तिथेच बसून बायबलमधलं पौलाचं ते पत्र मोठ्याने वाचलं. चारच अध्याय. या लोकांनी पौलाचं तोंडही पाहिलं नव्हतं. ख्रिस्ताची सुवार्ता त्यांना पौलाचा सहकारी एपफ्रास याने सांगितली. मग कोणीतरी त्यांच्या मागे लागलं: सण पाळा, हे शिवू नका, ते चाखू नका, देवदूतांची आराधना करा. तुरुंगातून पौल लिहितो की ख्रिस्ताच्या ठायी तुम्ही पूर्ण झाला आहात, तुमच्याविरुद्धचा ऋणलेख, म्हणजे कर्जाचा कागद, वधस्तंभाला खिळला गेला आहे.

तारणाची, म्हणजे देवाने मला वाचवलंय याची, खात्री मी कायम माझ्या मनावरून जोखत आले. प्रार्थनेत डोळे भरले की खात्री वाटायची, मन कोरडं असलं की धास्ती. त्या टेकडीवर मन कोरडंच होतं. ऊन डोक्यावर, पाय दुखत होते. तरी ते वाचताना धास्ती उरली नाही, कारण त्या वाक्यात माझ्या मनाचा उल्लेखच नव्हता. सगळं ख्रिस्ताने केलेलं. मी रडले, खूप वेळ.

हे पत्र लावदिकीयाच्या मंडळीतही वाचून दाखवा, असं पौल शेवटी सांगतो. रात्री हॉटेलवर मी ते खोलीतल्या बाईंना वाचून दाखवलं. उपासतापास करूनही ‘देव मला घेईल का गं?’ असं त्या प्रवासभर विचारत होत्या. दुसऱ्या अध्यायात त्यांनी मला थांबवलं आणि म्हणाल्या, ‘तेवढं परत वाच.’