भजन संपल्यानंतरची दोन मिनिटं

इंदूरहून देवास जेमतेम पस्तीस किलोमीटर. सकाळी सराफ्याजवळ जीरावण मसाला भुरभुरलेले पोहे खाल्ले आणि बसमध्ये खिडकीशी जागा धरली. शहर मागं पडलं तशी दोन्ही बाजूंना गव्हाची हिरवी शेतं लागली. जानेवारी होता. कुमार गंधर्वही देवासला आले ते जानेवारीतच, १९४८ साली. वय तेवीस, क्षयानं पोखरलेलं फुफ्फुस, आणि गाण्याला सक्त मनाई. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेला, मुंबईत प्रो. बी. आर. देवधरांकडे शिकलेला, कोवळ्या वयातच मैफली गाजवलेला हा गायक इथं काही वर्षं अंथरुणाला खिळून राहिला. गाणं बंद होतं. ऐकणं मात्र कुणी बंद केलं नव्हतं.

त्या ऐकण्याच्या ओढीनं मी निघाले होते. संगीतावर लिहायला लागून मला वीस वर्षं होतील, पण मला या वाटेवर आणलं ते एका माहितीपटानं. २००२च्या दंगलींच्या वेळी माहितीपटकार शबनम विरमानी अहमदाबादला राहत होत्या. तिथं जे पाहिलं त्यातून त्या कबीराकडे वळल्या, कित्येक वर्षं गाणाऱ्यांच्या मागं हिंडल्या आणि त्यातून चार माहितीपट झाले. त्यांतला एक, ‘कोई सुनता है’, कुमारजींचा आणि कबीराचा माग काढत जातो. मैफलीतले कुमारजी आणि देवासच्या आसपासच्या, माळव्याच्या खेड्यांतले भजनी गायक त्यात एकाच धाग्यात येतात. एरवी हे दोन्ही क्वचितच एकत्र भेटतात. एकाला नाट्यगृहाचा मंच मिळतो, दुसऱ्याला घरापुढचं अंगण. अंगणात गाणारे बरेचसे दलित समाजातले आहेत, हेही त्या अंतरामागं आहेच.

संगीतकारांवरचे माहितीपट मी खूप पाहिलेत, आणि एका गोष्टीनं दर वेळी जीव तळमळतो. आलाप कुठं उलगडायला लागतो न लागतो, तोच त्यावर निवेदकाचा भारदस्त आवाज येतो: जन्म अमुक साली, पुरस्कार तमुक. अहो, ते कुठंही वाचायला मिळेल! हा षड्ज परत मिळणार नाही. दिग्दर्शक मणि कौल स्वतः धृपद गायकी शिकले होते, म्हणून त्यांच्या १९८३च्या ‘ध्रुपद’ या माहितीपटात आलापाला त्याचा वेळ मिळतो. विरमानींच्या माहितीपटांत मला आवडतं ते याच जातीचं आहे. भजन संपतं, पण कॅमेरा लगेच उठून जात नाही.

देवासला उतरलं की आधी टेकडी दिसते. वर चामुंडा आणि तुळजाभवानी, धाकटी माता आणि थोरली माता.  इथल्या मराठा पवारांची एका गावात दोन संस्थानं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. टेकडीच्या पायथ्याशी, माताजीच्या रस्त्यावर कुमारजींचं घर आहे, ‘भानुकुल’. दिवंगत पत्नी भानुमतींचं नाव त्या घराला आहे. मी फाटकाबाहेरच थांबले. टेकडीकडे जाणाऱ्या बायका ‘जय माता दी’ म्हणत पुढं जात होत्या, एकीच्या हातातली घंटा किणकिणत होती. दारावरून गेलेल्या एका नाथजोग्याच्या तोंडून ऐकलेलं निर्गुणी, म्हणजे निराकार ईश्वराचं भजन कुमारजींच्या मनात रुतलं, ही गोष्ट मी कितीदा तरी वाचली होती. त्या रस्त्यावर उभं राहिल्यावर कळलं की तिथं गाणं दाराशी चालत येतं. त्यासाठी आपण फक्त घरात असावं लागतं, आणि गप्प.

आजारातून उठल्यावर त्यांनी माळव्याच्या लोकधुना गोळा केल्या. रागाचं बीज लोकधुनेत असतं, हे त्यांनी नुसतं मांडलं नाही. त्या धुनांतून मालवती, लगनगंधार, सहेली तोडी असे राग उभे करून दाखवले. श्वास आखूड झाला होता, म्हणून छोट्या, धारदार स्वरवाक्यांची गायकी आली, असं म्हणतात. मला हे अर्धंच पटतं. रात्री खेड्यात भजन ऐकल्यावर तर आणखीच कमी पटलं.

ते खेडं उज्जैनच्या बाजूला होतं. पोचायला रात्रीचे नऊ झाले. अंगणात सतरंजी, मधे शेकोटी, पाच तारांचा तंबोरा, ढोलक, मंजिरे, करताल. मंडळी शेतातून येऊन, जेवून जमत होती. एका आजोबांनी मला शेकोटीजवळ सरकवलं, ‘बैठो बेटा, ठंड लगेगी.’ तंबोरा लावण्यात पाऊण तास गेला आणि कुणालाही घाई नव्हती. मग मुख्य गायकानं साखी, म्हणजे दोन ओळींचा दोहा, म्हटली. सूर उंच फेकला, टोकाला नेऊन एकदम सोडून दिला, आणि पुढची ओळ येईपर्यंत नुसता तंबोरा. धडधाकट छातीचा शेतकरी होता तो, श्वासाची काहीच वाण नव्हती. तरीही ओळ तशीच तुटत होती, आणि तिच्यापुढं तशीच पोकळी. कुमारजींच्या निर्गुणी भजनांत जी फेक ऐकून आपण स्तब्ध होतो, ती मला त्या अंगणात सापडली. आजारानं त्यांना देवासला आणलं, एवढं खरं. पुढचं त्यांच्या कानांनी केलं.

मधेच गायक थांबे, ओळीचा अर्थ सांगे, कुणी हरकत घेई, वाद होई, आणि पुन्हा ढोलक. काया म्हणजे नक्की काय, यावर दोन म्हाताऱ्यांचं बराच वेळ जुंपलं होतं. आमच्या सभागृहांत श्रोता असा बोलत नाही. त्याचं मला त्या रात्री फार वाईट वाटलं.

पहाटे तीनला शेवटचं भजन झालं. एरवी मी तेवढ्यात ध्वनिमुद्रण बंद करते. बातमीला पुरेल एवढं मिळालेलं असतं. या वेळी यंत्र तसंच चालू ठेवलं.

पुण्याला परतल्यावर तो शेवट ऐकते आहे. तंबोरा अजून छेडला जातोय. कुणीतरी खोकतंय. लांब कुत्रं भुंकतंय. रात्रभर मागं ओसरीत बसलेली घरातली सून कप विसळताना तीच ओळ गुणगुणतेय, गायकापेक्षा बरीच खालच्या पट्टीत, स्वरांची एक हरकत आपल्या मनानं वेगळी घेऊन. ओळ अर्ध्यावर येते, तिथं ती थांबते आणि मला विचारते, ‘दीदी, चाय में शक्कर कितनी?’